पोटाचे ऋण

मराठी भाषेने पोटाइतके दुसऱ्या कुठल्याही अवयवाला राबवून घेतलेले नाही. आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, कोणाच्या पोटावर पाय देऊ नये असे मुलांना शिकवतो, फारच जिव्हाळा दाटला म्हणजे पोटातले ओठावर आणतो. आणि एवढे करून ही सारी यातायात कशासाठी, तर वीतभर पोटासाठी, असे म्हणून सुस्कारा टाकतो. एखादा माणूस फार खोल असला की त्याच्या पोटात काय आहे याचा थांग लागत नाही, अशी आपली तक्रार असते. नेमकी हीच तक्रार वैद्यांची होती, आणि ती हजारो वर्षांची होती. नाडी बोटाला लागते, जीभ डोळ्यांना दिसते, छातीवर ठोकले तर ती आपला नाद देते. पोट मात्र काही सांगत नाही. दुखते एवढेच ते सांगते. का दुखते ते सांगत नाही.

खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होते, यावर युरोपातल्या पंडितांचे पिढ्यान्पिढ्या वाद चालले. कोणाच्या मते जठर हे जाते होते, कोणाच्या मते चूल, तर कोणाला वाटे की आत अन्न आंबते. अठराव्या शतकात रेओम्यूर आणि स्पालान्झानी या दोघांनी पक्ष्यांवर प्रयोग करून जठरात काही पाचक रस असतो असे दाखवून दिले. स्पालान्झानीने तर कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतः गिळून पाहिल्या. तरी वाद मिटला नाही. कारण एकच. जिवंत माणसाच्या जठरात डोकावून कोणी पाहिले नव्हते.

या बंद खोलीचे दार उघडले कसे, याचा इतिहास शल्यविद्येच्या ग्रंथांत सविस्तर आलेला आहे. त्यात शल्यविशारदांची नावे आहेत, यंत्रे करणाऱ्या कारागिरांची आहेत, विद्यापीठांची आहेत. पण मला त्या इतिहासातली दुसरी एक ओळ वाचकांपुढे ठेवायची आहे. ज्यांच्या अंगावर हे दार उघडले गेले ती माणसे बहुतेक पोटासाठी राबणारी होती. पोटासाठी त्यांनी आपले पोट जगाला पाहू दिले. त्या ऋणाचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा.

*

आधी घरचे सांगतो. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रे म्हणून नळीच्या आकाराची यंत्रे सांगितली आहेत. शरीराच्या द्वारांतून आत जाऊन शल्य बाहेर काढणे आणि आतला रोग पाहणे ही त्यांची कामे. फाटलेले आतडे मिटवण्याची एक विलक्षण युक्तीही तेथे आहे. आतड्याच्या दोन कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश करवायचा, मुंग्यांनी कडा घट्ट धरल्या की त्यांची धडे तोडायची आणि डोकी तशीच ठेवून पोट शिवायचे. हे वाचून काही लोक सुश्रुताला आजच्या यंत्रांचा जनक ठरवायला निघतात. तो मोह टाळावा. सुश्रुताची थोरवी त्याच्या निरीक्षणात आहे, तिला उसन्या दागिन्यांची गरज नाही. आणि खेदाची गोष्ट ही, की पुढे आपल्याकडे हातात शस्त्र धरणारा वैद्य समाजात खालच्या पायरीवर गेला आणि ती परंपरा पुष्कळशी आटली. दार उघडण्याचे काम दुसऱ्या मुलखात झाले.

*

तो मुलूख उत्तर अमेरिकेतल्या थंड सरोवरांचा. ह्यूरन आणि मिशिगन ही दोन सरोवरे जेथे मिळतात तेथे मॅकिनॉ नावाचे एक लहानसे बेट आहे. प्राण्यांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे तेथे दुकान होते. ६ जून १८२२ या दिवशी त्या दुकानात एका माणसाच्या हातातली बंदूक चुकून उडाली आणि अगदी हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या डाव्या बरगड्यांखाली छर्रे शिरले. हा अलेक्सिस कॅनडातला फ्रेंच भाषा बोलणारा नावाडी. कंपनीच्या होड्या वल्हवायच्या, माल पाठीवरून वाहायचा, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा.

जवळच्या किल्ल्यातला लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आला. जखम पाहून हा काही तासांपलीकडे जगत नाही असे त्याला वाटले. पण अलेक्सिस जगला. जखम भरत आली तशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. जठराला पडलेल्या छिद्राच्या कडा पोटाच्या कातडीला चिकटून बसल्या आणि छिद्र कायमचे राहिले. बोट आत जावे एवढे. सुरुवातीला खाल्लेले त्यातून बाहेर येई. पुढे आतून एक पडदा आला, तो बोटाने दाबला की जठर दिसे. काम करण्याची ताकद गेलेल्या ह्या माणसाला गावाने काही महिने पोसले आणि मग हात वर केले. तेव्हा बोमाँटने त्याला आपल्या घरी नेले, औषधपाणी केले आणि लाकडे फोडण्यासारख्या कामाला ठेवून घेतले. यात दया होती, आणि पुढे कुतूहलही आले. दोन्ही एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँटने मांसाचे काही तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले. दर तासाला दोरा ओढून तो पाहू लागला, काय विरघळले, काय तसेच आहे. पुढच्या आठ वर्षांत असे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. जठराचा रस बाहेर काढून बाटलीत ऊब देऊन ठेवला तर तो बाटलीतही मांस विरघळवतो, हे दिसले. तेव्हा जाते आणि चूल दोन्ही निकालात निघाली. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे असे रसायनाच्या जाणकारांनी सांगितले. आणखी एक गोष्ट बोमाँटने टिपून ठेवली. अलेक्सिस रागावला, चिडला, की त्याच्या जठराचे काम बिघडे. आपल्या आयाबाया जेवताना रागावू नये म्हणतात, त्याला ही डोळ्यांनी पाहिलेली साक्ष मिळाली.

आणि त्याला राग येण्याजोगे पुष्कळ होते. प्रयोगांनंतर डोके दुखे, मळमळे. तो मधूनच पळून कॅनडात गेला, लग्न केले, पोरेबाळे झाली, पैशाच्या ओढीने परत आला, पुन्हा गेला. १८३२ साली बोमाँटने त्याच्याशी रीतसर करारच केला. वर्षाला दीडशे डॉलर आणि खाणेराहणे; त्याबदली आपल्या जठरावर डॉक्टरला हवे ते प्रयोग करू द्यायचे. अलेक्सिसला लिहिता येत नव्हते. त्याने कागदावर फुली केली. माणसाने आपले पोट भाड्याने दिल्याचा वैद्यकातला हा बहुधा सर्वांत गाजलेला कागद असेल. १८३३ साली बोमाँटचा ग्रंथ निघाला आणि पचनाच्या शास्त्राचा पाया पक्का झाला. १८३४ मध्ये अलेक्सिस कॅनडाला गेला तो गेलाच. बोमाँटने किती पत्रे पाठवली, किती आमिषे दाखवली; तो फिरकला नाही.

डॉक्टर १८५३ मध्ये वारला. अलेक्सिस मात्र ते छिद्र घेऊन १८८० पर्यंत, म्हणजे जखमेनंतर अठ्ठावन्न वर्षे जगला. तो गेल्याचे कळताच ते जठर संग्रहालयासाठी मिळावे म्हणून डॉक्टरांची धडपड सुरू झाली. घरच्यांनी काय करावे? त्यांनी जूनच्या उन्हाळ्यात प्रेत घरातच ठेवले, ते कुणाच्याही कामाचे राहणार नाही इतके खराब होऊ दिले आणि मग आठ फूट खोल खड्डा खणून पुरले. विज्ञानाचा अपमान म्हणून या गोष्टीकडे पाहणारे आहेत. मला त्यात एका गरीब कुटुंबाचा शेवटचा शब्द ऐकू येतो. आयुष्यभर भाड्याने दिले ते पोट निदान मेल्यावर आमचे आहे. १९६२ साली कॅनडाच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या थडग्यापाशी कृतज्ञतेचा फलक लावला. उशीर फार झाला होता. पण हिशेबाच्या वहीत एक ओळ तरी पडली.

*

बंदुकीच्या गोळीने पडलेली खिडकी सगळ्यांना कशी मिळणार? तेव्हा शरीराला देवाने दिलेल्या दारातूनच आत जाता येईल काय, हा विचार सुरू झाला. जर्मनीतल्या फिलिप बोझिनीने १८०६ मध्येच मेणबत्ती, आरसा आणि नळी यांची जोडणी करून शरीराच्या द्वारांत उजेड पाडणारे यंत्र केले होते. व्हिएन्नातल्या वैद्यकपीठाला ते रुचले नाही. रोग्यांची शुश्रूषा करताना साथीचा ताप लागून हा बोझिनी पस्तिशीतच वारला. घसा आणि मूत्रमार्ग तेवढे पाहता येऊ लागले. जठर दूरच राहिले. तोंडापासून जठरापर्यंतची वाट वळणावळणाची. तीतून ताठ नळी जाईल कशी?

याचे उत्तर १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी मिळाले, आणि ते एका खेळ्याने दिले. तलवार गिळण्याचा खेळ आपल्याकडे फार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातले खेळे तो लंडनला जाऊन दाखवत होते. तसलाच एक युरोपियन खेळकरी अडोल्फ कुसमाउल या डॉक्टरच्या पाहण्यात आला. कुसमाउलच्या ध्यानात आले की हा माणूस मान मागे टाकतो तेव्हा तोंड, घसा, अन्ननलिका आणि जठर ही एका सरळ रेषेत येतात. त्याने सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तेरा मिलिमीटर जाड अशी धातूची नळी त्या खेळ्याला गिळायला दिली. तलवार गिळणाऱ्याला नळीचे काय! ती सहज जठरात उतरली. जिवंत माणसाच्या जठरापर्यंत तोंडावाटे वाट आहे हे सिद्ध झाले. दिसले मात्र फारसे काही नाही. तेलाच्या दिव्याचा आरशातून पाडलेला उजेड तळापर्यंत पोचेचना.

कुसमाउलचे नाव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. दुसरा बहुतेक ठिकाणी 'तलवार गिळणारा' एवढ्यावरच राहिला. वीतभर पोटासाठी हातभर तलवार पोटात घालणाऱ्या त्या माणसाने वैद्यकाला वाट दाखवली, आणि बहुधा चार नाणी घेऊन तो पुढच्या गावच्या जत्रेला निघून गेला असेल.

*

तोवर पोट उघडण्याचे धैर्य दुसऱ्या वाटेने आले होते. १८४६ साली ईथरची गुंगी आली, १८६७ पासून लिस्टरच्या कार्बोलिक आम्लाने जखमा सडणे कमी झाले. आता जठराला झालेला कर्करोग कापून काढता येईल काय? पॅरिसच्या पेआँने १८७९ मध्ये प्रयत्न केला; रोगी पाचव्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी पोलंडच्या रिडिगिएरने केला. रोगी दुसरा दिवस पाहू शकला नाही. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोटने घाई केली नाही. त्याच्या शिष्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, जुन्या शवचिकित्सांच्या नोंदी चाळल्या, जठराचा रस टाके विरघळवतो की काय हे पडताळून पाहिले. मग २९ जानेवारी १८८१ रोजी तेरेझे हेलर नावाची त्रेचाळीस वर्षांची बाई टेबलावर आली. आठ मुलांची आई. जठराचे खालचे तोंड गाठीने बंद होत आल्याने पोटात काही ठरत नव्हते. ती वाळून काडी झाली होती.

दीड तास शस्त्रक्रिया चालली. सुमारे चौदा सेंटिमीटर लांबीचा भाग काढला गेला, रेशमाच्या पन्नासएक टाक्यांनी जठर आणि आतडे जोडले गेले. बाई वाचली, जेवू लागली, घरी गेली. युरोपभर वार्ता पसरली. पण रोग आधीच यकृतापर्यंत पोचला होता. चार महिन्यांनी, मे महिन्यात, ती वारली. बिलरोटने यानंतर केलेल्या अशाच शस्त्रक्रियांतले पहिले रोगीही दगावले. तरी वाट पडली होती. पुढे कित्येक दशके जगभरचे शल्यविशारद जठराच्या शस्त्रक्रियांना 'बिलरोट एक', 'बिलरोट दोन' याच नावांनी ओळखत आले. तेरेझेचे जठर व्हिएन्नाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. अलेक्सिसच्या घरच्यांनी जे द्यायचे नाकारले ते तिच्याकडून मिळाले. तिला त्या शस्त्रक्रियेने काय मिळाले? चार महिने, आणि त्यांतले काही दिवस तरी मुलांबरोबर बसून जेवण्याचे. आठ लेकरांच्या आईला ही किंमत थोडी वाटली असेल असे मला वाटत नाही.

*

त्याच व्हिएन्नात, त्याच १८८१ साली, बिलरोटचा शिष्य योहान मिकुलिच याने लायटर नावाच्या कारागिराकडून नवी नळी करून घेतली. टोकाशी विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार, ती थंड ठेवायला पाण्याचा प्रवाह. एक हात पोट कापून आत शिरत होता, दुसरा न कापता आत पाहत होता. आणि दोन्ही एकाच घरातले. पण ताठ नळी जीवघेणी होती. थोडी चूक झाली की अन्ननलिका फाटे आणि रोगी जाई.

पुढचे पाऊल म्यूनिकच्या रुडोल्फ शिंडलरचे. त्याने बर्लिनच्या गेओर्ग वोल्फ या कारागिराच्या मदतीने १९३२ मध्ये खालचा अर्धा भाग लवणारी नळी तयार केली. आत भिंगांची ओळ. नळी थोडी वाकली तरी चित्र एका भिंगातून दुसऱ्यात जात डोळ्यापर्यंत येई. पण मला या गोष्टीत भिंगांपेक्षा मोलाची वाटते ती त्याची पत्नी गाब्रिएले. शिंडलर नळी घालत असताना ती रोग्याचे डोके दोन्ही हातांत धरून बसे. मान किती मागे, किती वर, हे तिचे हात ठरवत. आणि भ्यालेल्या रोग्याला धीरही तेच हात देत. शिंडलरचे वडील ज्यू होते. १९३४ साली नाझींनी त्याला तुरुंगात टाकले. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या खटपटीने तो सुटला आणि त्याच वर्षी शिकागोला पोचला. त्याची विद्या त्याच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली. ज्यांनी त्याला हाकलले त्यांनी आपल्याच रोग्यांचे नुकसान करून घेतले.

महायुद्धात होरपळून निघालेल्या जपानात जठराच्या कर्करोगाने फार माणसे मरत. तेथे डॉक्टर उजी आणि ऑलिंपस कंपनीतले सुगिउरा व फुकाउमी या तंत्रज्ञांनी १९५० मध्ये नळीच्या टोकाशी बसणारा चिमुकला कॅमेरा केला आणि पोटाच्या आत छायाचित्रे घेतली. या तिघांच्या खटपटीवर अकिरा योशिमुरा या कादंबरीकाराने पुढे एक कादंबरीच लिहिली. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तिचा हेवा वाटतो. आपल्याकडे कारखान्यातला तंत्रज्ञ अजून नायक व्हायचा आहे.

आता एका पंजाबी मुलाची गोष्ट. मोगा गावी १९२६ मध्ये जन्मलेला नरिंदरसिंग कपानी डेहराडूनच्या शाळेत शिकत असताना त्याच्या मास्तरांनी सांगितले, की प्रकाश फक्त सरळ रेषेत जातो. कपानी ही आठवण स्वतः सांगत असत. मुलाला ते पटले नाही. आम्हा मास्तरांचे एखादे ठाम वाक्य कधी कधी असेही उपयोगी पडते! पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्याने काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूंची जुडी केली. तंतू वाकला तरी प्रकाश त्याच्या आतल्या भिंतींवर आपटत, परावर्तित होत दुसऱ्या टोकाला निघतो; प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेतो आणि सगळे ठिपके मिळून चित्र होते. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

तो वाचून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला बेझिल हिर्शोविट्झ हा डॉक्टर लंडनला जाऊन ते तंतू पाहून आला. एक अडचण होती. तंतू एकमेकांना चिकटले की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपे आणि चित्र पुसट होई. लॅरी कर्टिस या कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने डिसेंबर १९५६ मध्ये तंतूवर निराळ्या काचेचे वेष्टण चढवले आणि झिरप थांबली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झने ती दोरीसारखी लवणारी दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशाखाली उतरवली, आणि काही दिवसांनी मगच रोग्याला दिली. अलेक्सिसच्या छिद्रानंतर एकशे पस्तीस वर्षांनी डॉक्टर स्वतः रांगेत पहिला उभा राहिला होता.

*

पाहता आले की हात शिवशिवतात. त्या दुर्बिणीतूनच बारीक तारा, चिमटे, फासे आत जाऊ लागले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वोल्फ यांनी मोठ्या आतड्यातला कोंब तारेच्या फाशात धरून विजेने कापून काढला. ज्या कोंबाचा पुढे कर्करोग व्हायचा तो मुळातच खुडला गेला. १९७४ च्या सुमारास जर्मनीत आणि जपानात जवळजवळ एकाच वेळी पित्तनलिकेचे तोंड दुर्बिणीतून कापून अडकलेले खडे काढले गेले. पोटाला टाका नाही. १९८३ पासून तंतूंच्या जागी इवलासा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला आणि एका डोळ्याला दिसणारे सगळ्या खोलीला पडद्यावर दिसू लागले. तेरेझेला झालेला रोग आज अगदी कोवळा असताना, जठराच्या वरच्याच थरात असताना सापडला, तर जपानी डॉक्टरांनी घालून दिलेल्या रीतीने तो दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. उशीर झाला की मात्र आजही बिलरोटचाच मार्ग धरावा लागतो.

या दुर्बिणीने एक मोठा गैरसमजही मोडला. जठरातल्या व्रणाला, ज्याला आपण अल्सर म्हणतो, चिंता आणि तिखट खाणे ही कारणे ठरलेली होती, आणि त्यासाठी हजारोंची जठरे कापली जात होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन यांना दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यांत १९७९ मध्ये वाकडे जंतू दिसले. बॅरी मार्शल त्यांना मिळाले. १९८२ मध्ये ते जंतू प्रयोगशाळेत वाढवता आले. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे ते कालवण स्वतः पिऊन दाखवले. जठराला सूज आली आणि ती दुर्बिणीने पाहिली गेली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या जंतूमुळे झालेला व्रण काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. शस्त्रक्रियेच्या इतिहासातला हा मानाचा क्षण, की एक शस्त्रक्रिया जवळजवळ अनावश्यक ठरली.

आणि १९७९ साली क्लीव्हलंडला गॉडरर आणि पॉन्स्की या दोघांनी, ज्याला गिळता येत नाही अशा बाळाच्या जठरात दुर्बिणीच्या मदतीने, पोट न उघडता, कातडीवरून एक नळी बसवली. त्या नळीतून दूध थेट जठरात जाई. लकव्याने गिळणे बंद झालेल्या किती वृद्धांना आज ही नळी जगवते! वाचकांच्या ध्यानात आले असेल. हे तेच छिद्र आहे. अलेक्सिस सेंट मार्टिनला अपघाताने मिळाले आणि ज्याने त्याचे आयुष्य नासवले, ते छिद्र आता जाणूनबुजून, जगवण्यासाठी पाडतात.

*

दुर्बीण जशी तोंडावाटे गेली तशी ती बेंबीपाशी घेतलेल्या छोट्या छेदातूनही पोटात शिरली. जर्मनीत कुर्ट सेम याने १९८० मध्ये अशा रीतीने अपेंडिक्स काढले. त्याच्यावर व्यवसायबंधूंनी आग पाखडली. एरिक म्यूअे याने १९८५ मध्ये पित्ताशय काढले. तज्ज्ञांच्या सभेत त्याची कदर झाली नाही. मोठा छेद म्हणजे मोठा सर्जन अशी त्या पिढीची श्रद्धा होती. पुढे तीच मंडळी त्याचा सत्कार करायला उभी राहिली.

मुंबईत हे काम १९९० मध्ये झाले, आणि ते कुठे झाले ते महत्त्वाचे आहे. डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ते जे. जे. रुग्णालयात, म्हणजे गोरगरिबांच्या सरकारी इस्पितळात केले. पोटात दुर्बीण घालून रोग पाहण्याचे काम तर ते १९७२ पासून करत होते. त्या वेळी पुष्कळांचे म्हणणे असे होते की हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आपल्याला परवडायचे नाहीत. वस्तुतः हिशेब उलटा आहे. सहा इंची छेद घेतलेल्या कारकुनाला रजा मिळते. हमालाला, बांधकामावरच्या बाईला, ऊसतोडीच्या मजुराला ती कोण देणार? ज्याचे पोट रोजच्या रोजीवर आहे त्यालाच लहान छेदाची गरज सर्वांत जास्त. महिना-दीड महिना घरी बसायचे की आठवड्याने कामावर जायचे, या फरकात त्याचे सावकाराचे कर्ज असते आणि पोरांची शाळाही असते.

आणि इथेच मला ऋणाची गोष्ट पुन्हा काढावी लागते. नावाड्याने, खेळ्याने आणि आठ मुलांच्या आईने ज्या विद्येला भांडवल पुरवले, तिचे व्याज आज कोणाच्या पदरात पडते? शहरातल्या सुखवस्तू माणसाची दुर्बिणीची तपासणी सकाळी होते आणि तो दुपारी घरी जेवतो. खेड्यातला माणूस महिनोन्महिने पित्तावरच्या गोळ्या खात राहतो, कारण दुर्बीण दूरच्या शहरात असते, तेथे जाण्यायेण्यात रोज बुडतो आणि खर्च ऐकून छाती दडपते. तो शेवटी पोचतो तेव्हा, तेरेझेसारखा, उशिरा पोचतो. यंत्रे आता आपल्या देशात आहेत, ती चालवणारे निष्णात हातही आहेत. राहिले आहे ते त्यांना तालुक्याच्या गावापर्यंत नेण्याचे काम, आणि ते डॉक्टरांपेक्षा आपल्या सगळ्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

कोणत्याही सरकारी इस्पितळात, जेथे ही सोय आहे तेथे, दुर्बिणीच्या खोलीबाहेर थोडा वेळ बसून पाहावे. आत रोग्याला डाव्या कुशीवर निजवलेले असते. दुर्बीण घशाशी आली की तो घाबरतो, हात झाडतो, तेव्हा उशाशी उभी असलेली सिस्टर त्याचे डोके धरून म्हणते, "नाकाने श्वास घ्या दादा, झालंच आता." म्यूनिकच्या गाब्रिएलेचे नाव तिने कधी ऐकलेले नसते. पाच-दहा मिनिटांत तो माणूस तोंड पुसत बाहेर येतो. डॉक्टर काय आढळले ते सांगू लागतात, तो सगळे ऐकून घेतो आणि मग आपला एकच प्रश्न विचारतो, "कामावर कधी जाता येईल, साहेब?"